क्रूझरला नवा एक्झॉस्ट बसवताना या चुका टाळा

क्रूझर (आरामात लांब पल्ला मारायची जड मोटरसायकल) घेतली की बहुतेकांना सगळ्यात आधी सायलेन्सर बदलावासा वाटतो. मूळ सायलेन्सरमध्ये व्ही-ट्विनचा (V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाचा) तो घुमणारा, किंचित लंगडत पडणारा ठोका दबून जातो. तो मोकळा ऐकू यावा असं वाटणं साहजिक आहे. चूक होते ती पाइप फक्त कानाने निवडण्यात. पाइप हा इंजिनाचाच भाग आहे. तो बदलला की इंजिनात गॅस आत-बाहेर कसा फिरतो तेही बदलतं.

व्हिडिओतल्या आवाजावर विश्वास ठेवणं

मोबाइलचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, आणि खालचा जड सूर छोट्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. तोच पाइप वेगळ्या क्षमतेच्या इंजिनावर वेगळाच वाजतो. शक्य असेल तर तुमच्याच मॉडेलवर बसवलेला पाइप प्रत्यक्ष ऐका. नुसत्या आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ऐकून थांबू नका, चालत्या वेगावरही ऐका, कारण तुमचे तासन् तास त्याच वेगावर जाणार आहेत.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी वापरला जाणारा एक मापदंड सांगतो की 85 डेसिबलमध्ये 8 तास राहता येतं आणि पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. म्हणून आतली जाळी (बॅफल) काढता-घालता येईल आणि रस्त्यावर चालवायला मंजूर असल्याचा शिक्का असेल, असाच पाइप घ्या. जाळी काढून फिरायचा मोह मात्र आवरा. शेजारचं लहान मूल दचकून उठावं इतका आवाज करायचा हक्क आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

"पाइप जितका मोकळा तितकी ताकद जास्त"

सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो. त्याच्या उलटा, "इंजिनाला बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या गॅसला पाइपात होणारा अडथळा) लागतंच" हा समजही तितकाच अर्धवट आहे. खरा खेळ लाटांचा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपातून धावते. पाइपच्या मोकळ्या तोंडाशी पोचली की ती उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात, नेमकी तेव्हा ती पोचली तर उरलेला जळका गॅस बाहेर ओढला जातो आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण जोमाने आत येतं. वेळ चुकली तर जळका गॅस उलटा सिलिंडरमध्ये ढकलला जातो.

ही वेळ ठरते पाइपच्या लांबीवर आणि आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे). आखूड, रुंद, सरळ पाइप दिसायला देखणे असतात, पण त्यांचा मेळ बहुधा वरच्या आरपीएमला बसतो. क्रूझर तर बहुतेक वेळ 2000 ते 4000 च्या दरम्यान चालते. तिथेच टॉर्कमध्ये (इंजिनाच्या ओढण्याच्या जोरात) खड्डा पडतो, आणि चढावर गिअर खाली टाकावा लागतो. मला विचाराल तर, रोज चालवायच्या गाडीला दोन पाइप एकात मिळणारी 2-इनटू-1 रचनाच बरी. दोन वेगळे पाइपच हवे असतील तर त्यांना जोडणारी आडवी नळी असलेला सेट पाहा. पीक हॉर्सपॉवरचा आकडा कितीही मोठा असला तरी मधल्या आरपीएमचा टॉर्क ग्राफ दाखवा असं विक्रेत्याला नक्की म्हणा.

इंधनाचा विचार न करणं

बेंड पाइप (इंजिनापासून निघणारा पुढचा वाकडा पाइप) तसाच ठेवून फक्त मागचा सायलेन्सर बदलला (स्लिप-ऑन) तर अनेक इंजेक्शनच्या गाड्या ते सांभाळून घेतात. साध्या वेगाला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण 14.7:1 च्या (वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल) आसपास ठेवतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किती पेट्रोल द्यायचं याच्या आधीच भरलेल्या नकाशावर चालतो, सेन्सरला विचारत नाही. त्यामुळे पूर्ण सिस्टिम आणि मोकळा एअर फिल्टर एकदम बसवला तर इंधनाचा नकाशा नव्याने जुळवून घ्यावाच लागतो. कार्बोरेटर असेल तर जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या) बदलावे लागतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) कुठे बसवलाय, बेंडमध्ये की सायलेन्सरमध्ये, हेही आधीच बघून ठेवा.

थ्रॉटल सोडल्यावर फट-फट

सगळे लगेच "मिश्रण पातळ झालं" (म्हणजे पेट्रोल कमी पडतंय) म्हणतात. मीही म्हटलं होतं आणि दोन महिने जेट बदलत बसलो. दोष निघाला सिलिंडर हेडच्या तोंडाशी, जुनंच पॅकिंग पुन्हा बसवलं होतं तिथे. फटीतून बाहेरची हवा आत येते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. ही फट सेन्सरच्या आधी असेल तर आणखी घोटाळा: सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी विनाकारण जास्त पिते. म्हणून आधी सांधे तपासा. काजळीचा काळा डाग दिसतो का? थंड इंजिन सुरू करून सांध्यावर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे येतात का? इंधनाला हात त्यानंतर.

बसवताना

पॅकिंग नेहमी नवीन वापरा. हेडचे गंजलेले नट जबरदस्तीने फिरवू नका, स्टड तुटतो. इंजिन थंड असताना गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. नवा पाइप लावताना सगळे नट आधी सैल ठेवा. मग हेडपासून मागे येत मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. आधी मागचा ब्रॅकेट घट्ट केला तर सांध्यावर कायमचा ताण राहतो आणि पुढे तडा जातो. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर एकदा पुन्हा पाना लावा. सांध्याला साधा सिलिकॉन लावू नका, त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

खरेदीआधी सेन्सरचे आटे मोजा. 18 मिलिमीटर आणि 12 मिलिमीटर असे दोन्ही आढळतात, आणि मॉडेल तेच असूनही वर्षानुसार बदलतात. पाइपमुळे ऑइल फिल्टर, मागच्या चाकाचा एक्सल किंवा साइड स्टँड अडत नाही ना, वळणावर झुकल्यावर पाइप घासत नाही ना, मागच्याच्या पायाला आणि बॅगेला आच लागत नाही ना, हे सगळं पाहा.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी पाइप स्पिरिटने पुसा, नाहीतर बोटांचे ठसे क्रोमवर कायमचे भाजले जातात. हेडजवळ येणारी निळी झाक मात्र उष्णतेने येतेच, एकपदरी पाइपला जास्त. ती पाहून लगेच इंजिन बिघडलं समजू नका. ती नकोच असेल तर दुपदरी पाइप घ्या. कापडी पट्टी गुंडाळून झाकू नका, तिच्यात ओल साचते आणि आतून गंज धरतो.

ग्लासवूल भरलेला सायलेन्सर असेल तर ते हळूहळू जळून जातं. आवाज दिवसेंदिवस कर्कश होऊ लागला की सायलेन्सर उघडून नवं ग्लासवूल भरायची वेळ झालेली असते.