बेसिकमध्ये फंक्शन कुठं वापराव अन् सब कुठं

बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या पोराची गाडी इथंच अडते, फंक्शन अन् सब दोन्ही दिसायले सारखेच, मंग दोन कायले पाहिजेत? असं पाय भाऊ, पोराले म्हटलं "जा, बैलाले पाणी पाजून ये" तं काम झालं की विषय संपला, हे सब. अन् "आज कापसाचा भाव काय सुरू हाये विचारून ये" म्हटलं तं त्यानं येताना आकडा आणलाच पाहिजे, हे फंक्शन.

क्यूबेसिकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्ये, कापसाचा हिशोब असा होते (टाईप इंग्रजीतच करायचं, इथं वाचायले सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो):

फंक्शन रक्कम# (वजन#, भाव#)
रक्कम# = वजन# * भाव#
एंड फंक्शन

मधली ओळ महत्त्वाची, उत्तर फंक्शनच्या नावालेच द्यायचं. विसरले तं एरर येत नाई, गुपचूप ० येते अन् मंग तासभर शोधत बसा. नावाच्या शेवटी हॅश (#) हाये तो डबलसाठी, म्हणजे दशांश चालणाऱ्या मोठ्या आकड्यासाठी, तिथं टक्का (%) लावून सगळं इंटिजर, म्हणजे नुसतं पूर्णांक, केलं तं मर्यादा ३२७६७ ची, ७५०० भावानं ५ क्विंटलचेच ३७५०० होतात, ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मावत नाई असा एरर, येणारच.

आता प्रिंट रक्कम#(१२, ७५००) लिहा, ९०००० येते. इफमध्ये टाका, दुसऱ्या हिशोबात टाका, जिथं आकडा चालते तिथं फंक्शन चालते. सबचं तसं नाई, पावती छापायचा सब केला तं नुसतं पावती वजन#, भाव# असं लिहायचं, कंस नाई. कॉल पावती(वजन#, भाव#) लिहिलं तं मात्र कंस पाहिजेच. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडं सब ठेवता येत नाई.

जुना गोसब, म्हणजे प्रोग्रामच्या दुसऱ्या तुकड्यावर उडी मारून रिटर्न आलं की परत येणारी कमांड, तं १९६४ च्या डार्टमाउथ बेसिकपासूनचा, त्याले व्हेरिएबल (आकडा ठेवायचं नाव) देता येत नाई, सगळे व्हेरिएबल सामायिक. अन् त्या तुकड्याच्या आधी एंड लिहायचं राहिलं तं प्रोग्राम घसरत त्यातच शिरते, 'रिटर्न विदाउट गोसब' दिसलं की समजून जा.

मले सगळ्यात जास्त त्रास दिला तो वेगळ्याच गोष्टीनं. मी फंक्शनच्या आतमध्ये वजनातून बारदानाचं वजन वजा केलं, रक्कम बरोबर आली पण खाली पावतीत वजनच कमी छापून आलं, कारण क्यूबेसिक व्हेरिएबलची कॉपी देत नाई, मूळ व्हेरिएबलच हातात देते, आत बदललं की बाहेरही बदलते. सबमध्ये कधीकधी हे मुद्दाम करायले लागते, दोन-तीन उत्तरं एकदम पाहिजे असली तं हाच रस्ता. पण फंक्शननं फक्त हिशोब सांगावा, दुसऱ्याच्या व्हेरिएबलले हात लावू नये असं माह्यं ठाम मत हाये. मूळ वजन तसंच ठेवायचं असलं तं बोलावताना त्याले आणखी एक कंस घाला, रक्कम#((वजन#), भाव#), मंग आत कॉपीच जाते.