टॅब दाबल्यावर शेल नेमके काय करते

नौपाड्यातील आमच्या सोसायटीचे दप्तर लिनक्सच्या संगणकावर आहे. ते हाताळणाऱ्या नव्या सदस्याला मी सर्वप्रथम टॅबची कळ शिकवतो, कारण फाइलचे नाव पूर्ण टाइप करण्याची सवय जडली की चुकाही जडतात.

टॅब अंदाज बांधत नाही. बॅश या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रीडलाइन ही लायब्ररी (ओळ टाइप करण्याची सोय सांभाळणारा तयार कोड) आपण लिहिलेल्या अक्षरांनी सुरू होणारी सर्व नावे गोळा करते आणि ती जिथवर सारखी आहेत तिथवरच पुढे लिहिते. ओळीतील पहिल्या शब्दासाठी ती कमांड (आज्ञा), एलियास (कमांडला दिलेले दुसरे नाव) व फंक्शन (एका नावाखाली बांधलेल्या कमांड) शोधते, पुढच्या शब्दांसाठी साधारणपणे फाइली, आणि शब्द डॉलरच्या चिन्हाने सुरू झाला तर व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत).

समजा, फोल्डरमध्ये ‘पाणीपट्टी’, ‘पार्किंग’, ‘पत्रव्यवहार’ आणि ‘पत्ते’ आहेत. ‘पा’ लिहून टॅब दाबल्यास काहीच वाढत नाही, फार तर घंटी वाजते. पुन्हा दाबल्यावर ‘पाणीपट्टी’ व ‘पार्किंग’ ही दोन्ही नावे खाली दिसतात. आता ‘ण’ जोडून टॅब दाबा, म्हणजे नाव पूर्ण होते. ‘पत’ लिहून टॅब दाबल्यास मात्र ओळीवर ‘पत्’ असा पाय मोडलेला त उमटतो आणि नवशिक्याला काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. बिघडलेले काही नसते: युनिकोडमध्ये हलन्त हे स्वतंत्र चिन्ह आहे, ‘त्र’ आणि ‘त्त’ या दोन्ही जोडाक्षरांत ते तच्या लगेच पुढे येते, आणि म्हणून दोन्ही नावांचा समान भाग तिथेच संपतो. पुढे ‘र’ लिहून टॅब दाबावा.

नावात मोकळी जागा असेल तर टॅब तिच्याआधी उलटी तिरपी रेघ स्वतः घालतो. हाताने लिहिताना ती राहिली तर शेल एका नावाचे दोन शब्द करते, आणि फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडसमोर ही चूक महाग पडते.

रोमन नावांतील लहान-मोठ्या लिपीचा फरक नको असेल, तर होम डिरेक्टरीतील (आपल्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमधील) डॉट-इनपुटआरसी या फाइलमध्ये ‘सेट कम्प्लिशन-इग्नोर-केस ऑन’ ही ओळ रोमन अक्षरांत लिहावी आणि नवे टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडावे. झेडशेल हे दुसरे एक शेल रीडलाइन वापरत नसल्याने तिथे या ओळीचा उपयोग होत नाही. 2019 पासून मॅकवर नव्या खात्यांना तेच शेल मिळते.

एका ठिकाणी विशेष जपावे. ‘जमाखर्च’ आणि ‘जमाखर्च-जुना’ अशा दोन फाइली असतील, तर ‘जमा’ लिहून टॅब दाबल्यावर ओळ ‘जमाखर्च’पाशी थांबते. ते नावही खरेच असल्याने एंटर दाबताच, जुनी फाइल पुसायची असताना, चालू वर्षाची पुसली जाते. एकच फाइल जुळली असती तर बॅशने नावापुढे एक मोकळी जागा सोडली असती. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी कर्सर नावाला चिकटून आहे की एक घर पुढे सरकला आहे, हे पाहावे.