कलर ग्रेडिंग: रंगाला हात लावायच्या आधीच होणाऱ्या या चुका टाळा

शॉर्टफिल्म असो, लग्नाची फिल्म असो की यूट्यूबवरची मालिका, ग्रेडिंग, म्हणजे शूट केलेल्या चित्राचे रंग आणि उजेड सुधारणं, फसलं की खापर ते करणाऱ्या कलरिस्टच्या नजरेवर फुटतं. 'चेहरे केशरी झालेत', 'माझ्या मोबाइलवर वेगळंच दिसतंय', 'आधीच्या शॉटशी जुळत नाही'. असा प्रोजेक्ट उघडून बघितला तर रंगांची निवड क्वचितच चुकलेली सापडते. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो. पुढचं सगळं डाविंची रिझॉल्व्ह समोर ठेवून लिहिलंय. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेनूची नावं तेवढी बदलतील.

एडिट लॉक होण्याआधी सुरुवात

दिग्दर्शक 'दोनच शॉट बदलायचेत' म्हणतो, तेव्हा एडिट लॉक (सगळे कट पक्के) झालेलं नाही असं समजा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून एक्सएमएल (कटांची यादी असलेली फाइल) आणलं की साधे कट येतात. स्पीड रॅम्प, नेस्ट केलेले (एकात एक ठेवलेले) सीक्वेन्स आणि प्लगइनचे इफेक्ट नीट येतीलच असं नाही. म्हणून एडिटरकडून टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) छापलेली रेफरन्स फाइल मागून घ्या आणि ती टाइमलाइनवर ठेवून प्रत्येक कट ताडून बघा. फाइलच्या नावांकडेही लक्ष असू द्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत नवं कार्ड घातलं की क्लिपचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात, मग एकाच नावाच्या दोन क्लिप होतात आणि सॉफ्टवेअर भलतीच उचलतं. कॉपी करतानाच दिवस आणि कार्डानुसार नावं बदललेली बरी, एडिट सुरू झाल्यावर नाही. मोबाइलच्या क्लिपचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बहुतेकदा बदलता असतो, त्या एडिटच्या आधीच स्थिर फ्रेमरेटवर ट्रान्सकोड करा, म्हणजे नव्या फाइलमध्ये बदला.

एवढं करूनही एडिट बदललंच, तर रिझॉल्व्हच्या कलरट्रेस सुविधेने जुन्या टाइमलाइनचं ग्रेड नव्यावर नेता येतं. छोट्या टीमने एडिटही रिझॉल्व्हमध्येच केलं तर ही दगदगच उरत नाही.

लट आधी, दुरुस्ती नंतर

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. लॉग फुटेज (उजेडाचा मोठा पल्ला टिपण्यासाठी मुद्दाम सपाट ठेवलेलं) करडं, बेरंग दिसतं, म्हणून पहिल्याच नोडवर (नोड म्हणजे रंगकामाचा एक टप्पा) लट टाकला जातो आणि एक्स्पोजर त्याच्या पुढच्या नोडवर सुधारायला घेतात. लट (LUT) म्हणजे कोणत्या रंगाच्या जागी कोणता दाखवायचा ते सांगणारा आकड्यांचा तक्ता. ठरलेल्या मर्यादेपलीकडचं जे काही असेल ते तो छाटतो. कॅमेऱ्याने ढग नीट टिपलेले असले तरी लटमधून बाहेर पडताना आकाश पांढरंफटक झालं, तर पुढच्या नोडवर हायलाइट कितीही खाली ओढा, फक्त राखाडी डाग मिळेल. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सचे नोड लटच्या आधी ठेवा, ढग परत येतात.

दुसरा घोटाळा दुहेरी रूपांतराचा. प्रोजेक्टमध्ये कलर मॅनेजमेंट (सॉफ्टवेअरचं आपोआप रंग-रूपांतर) चालू असतं आणि एडिटरने क्लिपवरही लट लावलेला असतो. काळे केस म्हणजे नुसता काळा ठोकळा, चेहऱ्यावर जळका केशरी रंग, असं काही दिसलं तर आधी हेच तपासा.

एकाच सीनमध्ये सोनीचं एस-लॉग३, ड्रोनचं डी-लॉग आणि आयफोनची क्लिप आली की तीन वेगळे लट शोधत बसू नका. प्रत्येक क्लिपला तिचा खरा कलर स्पेस (रंगांचा पल्ला) आणि गॅमा (उजेडाची चढण) सांगा, सगळं डाविंची वाइड गॅमट या मोठ्या कलर स्पेसमध्ये आणा, तिथे काम करा आणि शेवटी एकदाच रेक ७०९ या टीव्ही-वेबच्या नेहमीच्या मानकात उतरवा. एस-लॉग३ सोबत एस-गॅमट३ आणि एस-गॅमट३.सिने असे दोन पर्याय येतात. चुकीचा निवडला तर चित्र बिघडलेलं कळत नाही, पण त्वचा किंचित आजारी दिसते. आयफोन १२ पासून कॅमेरा ॲप एचडीआर (उजेडाचा जास्त पल्ला असलेला व्हिडिओ) रेकॉर्ड करू शकतं, त्या क्लिपला रेक ७०९ समजलात तर ती कुठे फिकट तर कुठे फुटलेली दिसेल.

नोडचा क्रम थोडक्यात: नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) सुरुवातीला, मग बॅलन्स, शॉट जुळवणं, चेहरा किंवा आकाशासारख्या जागा, त्यानंतर लूक (फिल्मचा एकूण रंगभाव), सर्वात शेवटी रूपांतर. नॉइज रिडक्शन फुकटच्या आवृत्तीत मिळत नाही, हे बजेट ठरवताना लक्षात ठेवा.

पहिल्याच शॉटवर अडकून पडणं

एका शॉटवर तासभर रंगकाम करून तेच ग्रेड सगळ्या सीनवर चिकटवलं, की पुढचे शॉट जुळत नाहीत आणि मग प्रत्येकाला वेगळी मलमपट्टी सुरू होते. सीनमधला एक शॉट नमुना धरा, त्याचा स्टिल (थांबलेली फ्रेम) घ्या, वाइप लावून (पडद्याच्या अर्ध्या भागात तो स्टिल ठेवून) बाकीचे फक्त उजेड आणि बॅलन्सने त्याच्या जवळ आणा. सीन सलग वाटायला लागला की सीनच्या शॉटचा ग्रुप करून त्याच्या पोस्ट-क्लिपमध्ये (ग्रुपमधल्या सगळ्या शॉटना एकदम लागू होणारे नोड) लूक द्या. दिग्दर्शकाने 'थोडं थंड कर' म्हटलं तर एकाच ठिकाणी बदल करून काम होतं. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असेल तर मात्र एकाच शॉटमध्ये रंग सरकतो आणि कीफ्रेम (वेळेनुसार सेटिंग बदलणाऱ्या खुणा) लावण्यावाचून इलाज नसतो. हे शूटिंगच्या वेळीच कॅमेरामनला सांगून ठेवा.

स्कोपवर आंधळा भरवसा, किंवा अजिबात नाही

डोळे दहा मिनिटांत कोणत्याही रंगाला सरावतात, म्हणून उजेड आणि रंग आलेखात मोजून दाखवणारे स्कोप, म्हणजे वेव्हफॉर्म आणि परेड, उघडे हवेतच. पण व्हेक्टरस्कोप या रंगछटा दाखवणाऱ्या स्कोपवरची त्वचेची रेषा म्हणजे कायदा नव्हे. सावळा चेहरा असो की गोरा, साध्या उजेडात रंगछटा त्या रेषेच्या आसपासच येते. फरक उजेडात आणि गडदपणात असतो. मुलीला 'उजळ' करून द्या, ही मागणी ऐकून क्वालिफायरने (ठरावीक रंग निवडायचं साधन) गाल पांढरे करणारे व्हिडिओ मला बघवत नाहीत. हळदीच्या कार्यक्रमात तर चेहराच पिवळा असतो. तिथे त्वचा रेषेवर ओढली तर हळद मातकट होते. न माखलेला हात किंवा पांढरा सदरा बघून बॅलन्स ठरवा.

स्टेजवरचे निळे एलईडी दिवे ही आणखी एक डोकेदुखी. तो निळा रेक ७०९ मध्ये मावत नाही आणि चेहऱ्यावर प्लास्टिकसारखा पट्टा येतो. सॅच्युरेशन कमी करून भागत नाही, रूपांतराच्या आधी गॅमट कॉम्प्रेशन (मर्यादेबाहेरचे रंग हळूहळू आत आणणं) वापरा.

८ बिटवर लॉग

८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. ८ बिट लॉग ताणलं की संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडतात. कॅमेरा ८ बिटच असेल तर कमी सपाट प्रोफाइलवर शूट करा. मास्टर (अंतिम मूळ फाइल) काढतानाही हा सापळा आहे: डीएनएक्सएचआर या व्हिडिओ फॉरमॅटमधलं एचक्यू ८ बिट असतं, एचक्यूएक्स निवडा.

खोली आणि एक्स्पोर्ट

पिवळा बल्ब, उघडी खिडकी, लॅपटॉपचा नाइट मोड: तिन्ही बंद. मॉनिटर ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर, साधारण १०० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) वर ठेवा. अंधुक खोलीत गॅमा २.४.

मॅकवर एक्स्पोर्ट केलेली फाइल क्विकटाइममध्ये फिकट दिसली की अनेकजण आणखी कॉन्ट्रास्ट चढवतात आणि तीच फाइल टीव्हीवर काळीठिक्कर दिसते. फाइल बहुधा ठीक असते. मॅकची कलर व्यवस्था रेक ७०९ वेगळ्या गॅमाने दाखवते. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्समध्ये व्ह्यूअरसाठी मॅकचं डिस्प्ले प्रोफाइल चालू करा, फक्त वेबसाठी काम असेल तर रेक ७०९-ए टॅग वापरून बघा, आणि ग्राहकाने कोणत्या उपकरणावर पाहून मंजुरी द्यायची ते आधीच ठरवून घ्या.

मॅक नसतानाही चित्र धुरकट किंवा जास्तच गडद आलं, तर डेटा लेव्हल बघा. व्हिडिओ लेव्हलमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, फुलमध्ये ० आणि २५५ वर. खात्री करायची असेल तर एक्स्पोर्ट केलेली फाइल त्याच टाइमलाइनवर ग्रेडच्या वर ठेवा आणि कंपोझिट मोड डिफरन्स (दोन चित्रांतला फक्त फरक दाखवणारा) करा. पडदा जवळपास पूर्ण काळा दिसला तर फाइल पाठवायला हरकत नाही. चित्राची आकृती स्पष्ट दिसत असेल तर लेव्हल किंवा गॅमा कुठेतरी बदललाय.