जुन्या धरणाची मजबुती: जेसीबी यायच्या आधीची तयारी

काम मंजूर झालं की पहिले जेसीबी दिसते, पण भाऊ, त्याच्या आधी कागद शोधा. भिंतीचा जुना नकाशा, गाभ्यात कोणती माती, सांडवा (जादा पाणी बाहेर सोडायची वाट) किती पुरासाठी धरला, हे ऑफिसात नाही सापडलं तर जुन्या चौकीदाराला विचारा, पाझर कुठं कुठं फुटला होता ते त्याला पाठ असते. मग पुराचा हिशोब नव्याने करून घ्या, कारण आयएस 11223 (सांडव्याच्या क्षमतेचं भारतीय मानक) नुसार 60 दशलक्ष घनमीटरहून मोठा साठा असला तर संभाव्य कमाल पूर, म्हणजे तिथं येऊ शकणारा मोठ्यात मोठा पूर, धरावा लागते, आणि मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की ती टिकत नाही. पैसा कमी असला तर आधी सांडवा रुंद करा, रस्ता अन् रंगरंगोटी मागून.

पाझराचं मात्र मनावर घ्याच. तलाव भरला असतानाच पायथ्यानं चाला, जिथं पाय रुतते तिथं खुंटी ठोका, पाणी काचेच्या ग्लासात धरून ठेवा. नितळ असलं तर व्ही-नॉच (पाझर मोजायची व्ही आकाराची खाच असलेली पाटी) बसवून रोज मोजा. तळाला माती बसली तर भिंत आतून पोखरल्या जात आहे, त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा, आणि सिमेंट थापून तोंड बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटते. त्याऐवजी पाझराच्या तोंडावर आधी रेती, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर मोठी, म्हणजे पाणी जाते अन् माती थांबते.

भिंतीवरच्या बाभळी मुळासकट काढायच्या, नुसतं खोड कापलं तर मूळ सडून आत नळी तयार होते. घुशींची बिळंही खोदून, मुरूम थराथरानं कुटून भरा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यात चुन्याचं पाणी ओता, मग खोदत जा, पांढरी रेघ जिथवर दिसते तिथवर भेग आहे. गेटला ग्रीस, वरखाली करून बघणं, हे तर आलंच.

रब्बीच्या पाण्याची शेवटची पाळी झाली की काम सुरू, मृगाच्या आत बंद. तलाव एकदम रिकामा करू नका, ओला उतार घसरते, आणि मच्छीमार सोसायटीला आधीच सांगा, त्यांचं बीज टाकलेलं असते.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी अन् नंतर तपासणी, आपत्कालीन आराखडा हे 15 मीटरहून उंच अन् काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटरच्या धरणांना बंधनकारक आहे. आपला तलाव लहान असला तरी करा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 ला रात्री फुटलं, म्हणून सायरन बॅटरीवर चालणारा घ्या आणि लाईन गेली असताना रात्रीच वाजवून पाहा, नदीकाठच्या शेवटच्या घरात ऐकू येते का ते.