केळ्यातला डीएनए बाहेर कसा काढावा

फेब्रुवारी लागला की शाळांना विज्ञान दिन आठवतो, आणि २८ तारखेच्या प्रदर्शनात एका तरी टेबलावर 'केळ्यातला डीएनए' मांडलेला असतोच. जवळ जाऊन पाहावं तर ग्लासात पांढरट चिखल आणि वर बोटभर साबणाचा फेस. प्रयोग अवघड नाही. व्हिडिओ बघून घाईघाईत केला की मात्र बिघडतो, आणि दरवेळी एकाच जागी बिघडतो. ती जागा पुढे येईलच.

केळं पिवळं, सालीवर तुरळक ठिपके आलेलं घ्या. रावेर, यावल, चोपड्याकडे केळ्यांना तोटा नाही म्हणून कोणी घडावरचं हिरवंच उचलून आणतं. कच्च्या केळ्याच्या गरात वीसेक टक्के स्टार्च असतो. पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीच्याची साखर होते. खात्री करायची असेल तर मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून कापलेल्या चकतीवर थेंबभर टाका. चकती निळी-काळी पडली तर केळं अजून कच्चं आहे. पार काळं, लिबलिबीत झालेलंही नको, कारण त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, डीएनएचे तुकडे पाडायला लागलेली असतात.

अर्धं केळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताने कुस्करा. मिक्सर नको. पाती डीएनएच्या लांब साखळ्या तोडतात, आणि आपल्याला लांब साखळ्याच हव्यात.

अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड फेस न करता मिसळा आणि हे पाणी गरात ओता. पेशीचं आणि केंद्रकाचं पटल मेदाच्या रेणूंचं बनलेलं असतं. तव्यावरचं तेल सुटतं त्याच रसायनाने हे पटलही फुटतं. डीएनए ज्या प्रथिनांना चिकटलेला असतो त्यांची पकडही साबणाने सैल होते. मिठाचं काम पुढे आहे. दहा मिनिटं अधूनमधून हलकेच हलवा.

इथे अननसाचा रस घालायचा सल्ला सर्रास मिळतो. त्यातलं विकर प्रथिनं तोडतं हे खरं, पण पाकीटबंद रस तापवलेला असतो, त्यात ते विकर उरतच नाही. हौसच असेल तर शहाद्याकडे पपईच्या बागा आहेत; कच्च्या पपईच्या चिकाचे दोन थेंब तेच काम करतात. चीक हाताला लागू देऊ नका, आग होते. हे नाही केलं तरी अडत नाही.

मग गाळा. चहाची गाळणी चालणार नाही, मलमलचं फडकं घ्या आणि पिळू नका. आपोआप गळेल तेवढंच पुरे.

आता स्पिरिट. सगळे इथेच घसरतात.

सॅनिटायझर वापरायचा नाही. त्यात पाणी, ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारी द्रव्यं असतात. थर बसत नाही, नुसता गोळा होतो. सर्जिकल स्पिरिट चालतं. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून बरं. बाटली घट्ट बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, ते गोठत नाही. प्रयोगाला काढलीत की थेट बर्फाच्या डब्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वर लाईट गेलेली असते. टेबलावर ठेवलेली बाटली बोलता बोलता कोमट होते. शक्यतो थंडीतल्या सकाळीच हा प्रयोग करा. उदबत्ती, गॅस, काडेपेटी जवळपास नको. वर्गात मी आधी उदबत्ती विझवतो, मग बाटली उघडतो.

रुंद ग्लासाऐवजी परीक्षानळी घ्या. तिच्यात चार बोटं गाळलेलं पाणी घाला. नळी चांगली तिरपी धरा आणि ड्रॉपरने स्पिरिट काचेच्या आतल्या बाजूवरून ओघळू द्या. थेंब थेट पाण्यावर पडला की थर मोडला. धार लावली की थर मोडला. 'आता ढवळा' असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, कारण ढवळलं की सगळं एकजीव होऊन तोच प्रदर्शनातला चिखल हाती येतो. स्पिरिट पाण्यापेक्षा हलकं असतं, सावकाश सोडलं तर ते वरच राहतं. पाण्याएवढं आयसोप्रोपिल किंवा दुप्पट सर्जिकल स्पिरिट घाला, नळी उभी करा आणि हात बाजूला घ्या.

मिनिटभरात दोन थरांच्या सीमेवर दुधाळ पट्टा दिसतो. मग त्यातून पांढरे, केसाहून बारीक धागे वर यायला लागतात, एकेकाला हवेचे बारके बुडबुडे चिकटलेले. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेट असतात, त्यांचा भार ऋण, म्हणून पाणी त्यांना सामावून घेतं. मिठातला सोडियम तो भार झाकतो. स्पिरिट आल्यावर पाण्याची पकड ढिली पडते, सोडियम फॉस्फेटला घट्ट धरतो आणि रेणू एकमेकांत गुंतून बाहेर पडतात. मीठ विसरलात तर हे धड होत नाही.

पण थांबा, वर आलेलं सगळं पांढरं म्हणजे डीएनए नाही. केळ्यात पेक्टिन भरपूर असतं, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं कर्बोदक, आणि स्पिरिटमध्ये तेही साकळतं. परीक्षकांना 'हा शुद्ध डीएनए' म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून शेजारी दुसरी नळी ठेवा: तेच केळं, तेच मीठ, फक्त साबण नाही. तिच्यातही जेलीसारखे गोळे तरंगतील. चोपड्याच्या एका पोराने ती नळी उजेडात धरून विचारलं, "सर, मंग हाई काय शे?" ते बहुतांशी पेक्टिन. काडी फिरवली की गोळे सुटून खाली पडतात. डीएनएचा धागा काडीला गुंडाळला जातो. दोन नळ्यांतला फरक दाखवलात तरच प्रयोग झाला.

१८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये फ्रीडरिश मिशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. त्या मानाने आपलं केळं फारच सोज्वळ.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, केळ्याला बी का नसतं? बाजारातल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, अकरा-अकराचे, मिळून तेहतीस. तिनाची दोनात सरळ वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. शेतकरी मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, लावतो किंवा प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं आणतो, आणि अख्ख्या शेतात जवळपास एकच डीएनए उभा असतो.

धागा ठेवायचा असेल तर काडीसकट छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवा, बूच घट्ट लावा, वर तारीख लिहा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पुस्तकातल्या चित्रासारखा डीएनएचा पीळदार दुहेरी गोफ दिसणार नाही. तो दोन नॅनोमीटर रुंद असतो, आणि काडीवर असतो तो असंख्य रेणूंचा गुंता.