औषधाचं सॅम्पल एक्सपीएसला लावताय? क्लोरीन आधी घ्या

सोलापुरात एमएस्सी करून पहिल्यांदाच एक्सपीएसला (एक्स-रेचा बीम टाकून सॅम्पलच्या पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं कुठल्या रूपात आहेत ते दाखवणारं तंत्र) सॅम्पल नेणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि माझा अख्खा स्लॉट वाया गेला.

माझ्याकडे औषधाची पांढरी पावडर होती, त्यात क्लोरीन थेट कार्बनला जोडलेला. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेले, तिथे आधी सर्व्हे स्कॅन (सगळ्या मूलद्रव्यांचा एक ढोबळ स्कॅन), मग कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन सगळं निवांत घेतलं आणि क्लोरीन सगळ्यात शेवटी. घरी येऊन डेटा उघडला तर कार्बनला जोडलेल्या क्लोरीनच्या 200 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) पीकला चिकटून 198 च्या आसपास, म्हणजे सुटं क्लोराइड दिसतं तिथे, एक छोटा उंचवटा. मी सरळ क्लोराइडची भेसळ म्हणून रिपोर्टमध्ये लिहून मोकळी झाले. सरांनी एवढंच विचारलं, "सॅम्पल किती वेळ बीमखाली होतं गं?"

परत गेले. नवीन जागेवर पहिला स्कॅन क्लोरीनचाच घेतला, उंचवटा नाही. दोन तासांनी त्याच जागेवर परत घेतला, आला! सॅम्पल बाहेर काढलं तर बीम पडला होता तिथे पावडर पिवळसर झालेली. म्हणजे ती भेसळ औषधात नव्हतीच, आपणच केली होती.

मशीनमधला अॅल्युमिनियमचा एक्स-रे 1486.6 ईव्हीचा आणि कार्बन-क्लोरीन बाँड तुटायला तीन-चार ईव्ही पुरतात, त्यात आतून सुटणारे सेकंडरी इलेक्ट्रॉनही बाँड तोडत जातात. मे महिन्यात गच्चीवर चादर वाळत टाकून विसरलात की वरच्या बाजूचा रंग उडतो ना, तसंच, आणि एक्सपीएसला दिसतो तो जेमतेम वरचा दहा नॅनोमीटरचाच थर, त्यामुळे नेमकं बिघडलेलंच जास्त दिसतं.

म्हणून ज्या पीकसाठी गेलात तो आधी घ्या, सर्व्हे नंतर, आणि शेवटी तोच पीक पुन्हा घेऊन ताडून बघा. नायट्रो ग्रुप असेल तरी हेच करा, तोही लवकर बिघडतो. ऑपरेटरला प्रत्येक स्वीप (स्कॅनची एक फेरी) वेगळा सेव्ह करायला सांगा, सगळे एकत्र बेरीज करून दिले की बदल कधी सुरू झाला ते कळतच नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. पॉवर कमी ठेवा, फ्लड गनच्या (सॅम्पलवर साठणारा विद्युतभार घालवायला वापरतात ती) इलेक्ट्रॉननेही नुकसान होतं, वेळ वहीत लिहा. आणि औषध हायड्रेट (स्फटिकात पाणी धरलेलं) असेल तर नुसत्या व्हॅक्यूममध्येही पाणी उडू शकतं, त्याचं खापर बीमवर फोडण्याआधी एक सॅम्पल बीमशिवाय तेवढाच वेळ आत ठेवून बघा.