आईची स्मरणपुस्तिका लिहिताना

‘त्या मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या, त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई व नातवंडे असा परिवार आहे’ हा निधनवार्तेचा साचा आपल्या सर्वांना पाठ असतो. त्यात मागे राहिलेल्यांची मोजदाद असते, परंतु गेलेली बाई कशी जगली याचा पत्ता नसतो. आयुष्यभर घर सांभाळलेल्या आईची पुस्तिका वर्षश्राद्धाला काढावयाची असेल, तर हा साचा बाजूला ठेवण्यापासूनच सुरुवात करावी. विशेषणे गाळावीत आणि क्रियापदे शोधावीत. ‘ती काटकसरी होती’ असे न लिहिता, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, वर्षभर साठवून ती रद्दीवाल्याला विकत असे आणि त्या पैशांतून भाऊबीजेची ओवाळणी काढून ठेवीत असे, एवढे लिहावे. काटकसर वाचकाला आपोआप दिसते.

गृहिणीची कागदपत्रे थोडी असतात, म्हणून शोध कपाटाऐवजी माळ्यापासून सुरू करावा. जुन्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, निमित्त आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असते; कोणाची मुंज कधी झाली, कोणते नातेवाईक त्या काळी जवळचे होते, हे सारे तेथे वाचता येते. आम्ही माळा उतरवला तेव्हा एका पितळी तांब्याच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेले ‘कु.’ हे अक्षर, पुढे आईचे माहेरचे नाव आणि ‘रांगोळी, पहिला क्रमांक’ असे शब्द सापडले. साल नव्हते. आईला असे काही बक्षीस मिळाले होते, हे आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि तो तांब्या आम्ही लहानपणापासून पाहत होतो.

त्यानंतर भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघू लागले आणि कित्येक घरांत जुन्या वर्षांचे गठ्ठे अजून जपलेले असतात. दुधाचे खाडे, गॅसचे नवे सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, कोणाचा ताप, कोणाची परीक्षा हे ज्या चौकोनांत लिहिलेले असते, ती त्या बाईची रोजनिशीच होय. मात्र औषधांची नावे सुरू होतात ती वर्षे सावकाश वाचावीत. पुष्कळ घरांत आईचे दुखणे घरच्यांना कळण्यापूर्वी त्या चौकोनांत उतरलेले असते.

शाळेचा दाखला मिळवताना माहेरच्या नावाने विचारावे, कारण लग्नात आडनावाबरोबर नावही बदलण्याची रीत होती. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असल्यास ती खरी धरण्याची घाई करू नये. पालकांना नेमकी तारीख सांगता आली नाही की गुरुजी सर्रास तीच लिहून घेत.

माणसांना विचारताना ‘आई कशी होती?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर ‘देवमाणूस होती’ यापलीकडे जात नाही. साल विचारण्यातही अर्थ नसतो. पुण्याच्या माणसाला पानशेतच्या पुरावरून (१२ जुलै १९६१), साताऱ्याकडच्याला कोयनेच्या भूकंपावरून (११ डिसेंबर १९६७) आणि मराठवाड्यातल्याला बहात्तरच्या दुष्काळावरून किंवा किल्लारीच्या भूकंपावरून (३० सप्टेंबर १९९३) विचारावे. ‘दुष्काळात सुकडी वाटत होते तेव्हा तुम्ही दोघी कुठे होतात?’ असे म्हटले की घर, विहीर, कडेवरचे मूल, सगळे एकापाठोपाठ आठवू लागते. त्याहून चांगला उपाय म्हणजे हाताला काम देऊन बोलते करणे. माझी मावशी खुर्चीवर बसून दोन वाक्यांपुढे जाईना. पण कुरडयांसाठी गव्हाचा चीक ढवळायला घेतला, तेव्हा ओला हात चिकावर टेकवून तो चिकटत नाही असे दाखवत ती म्हणाली, ‘ही खूण ताईची. सासरी पहिल्या वर्षी तिचा सगळा घाणा बिघडला होता, तेव्हापासून ती दोनदा हात लावून बघायची.’ फोनवरचे ध्वनिमुद्रण आधी सांगून सुरू ठेवावे. मावशीला, आत्याला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही म्हणवून घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि भावाची, गावाची, सासुरवासाची जी गोष्ट बाई उघड सांगत नाही ती ओवीत सांगते, हे त्यांत जागोजाग दिसते.

‘त्यागमूर्ती’ हा शब्द माझ्या मते वापरूच नये. त्या शब्दाने आईला काय हवे होते हा प्रश्नच मिटतो. तिने कशाला नकार दिला, दुपारचा कोणता तास स्वतःसाठी राखला, कोणाशी अबोला धरला, हेही यावे. पाटल्या मोडून फी भरली असेल तर त्या पुन्हा झाल्या की नाही, हेही लिहावे. घरातील कटू प्रसंग छापावेत की नाहीत हे भावंडांनी एकत्र बसून ठरवावे. गाळायचे असेल ते गाळावे, पण त्या जागी गोड खोटे घालू नये. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळत नसतील, तर दोन्ही सांगणाऱ्याच्या नावासह द्याव्यात.

छपाईचे थोडक्यात सांगतो. पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत येतात. अक्षर १४ पॉइंटांहून लहान नसावे, कारण तिच्या वयाची माणसे ती वाचणार आहेत. मुखपृष्ठावर तिची दोन्ही नावे असावीत. पटीमुळे शेवटी कोरी पाने उरली तर ती तशीच ठेवून नातेवाइकांना भर घालण्यास सांगावे. आमच्या पुस्तिकेची एक प्रत मामाने टपालाने परत पाठवली, आणि तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘१९५८. ठिपके मी मोजून दिले होते.’